घुमाऱ्याचं गणित

१९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीने स्टुडिओसाठी घुमारा विकायला काढला: पेटीत टांगलेला पोलादी पत्रा, वजन सुमारे २७० किलो! पुढे १९६१-६२ मध्ये बेल लॅब्सच्या मॅनफ्रेड श्रोडरने पत्र्याऐवजी गणित मांडलं. आवाज जरा रोखायचा, मंद करून त्यातच परत मिसळायचा, पुन्हा पुन्हा. पण तेव्हाच्या संगणकांना गाणाऱ्याचा वेग झेपत नव्हता.

२००० साली ‘जेझर’ एवढंच नाव लावणाऱ्या कुणीतरी त्याच रचनेवर फ्रीव्हर्ब लिहिलं आणि हक्क सोडून दिले. मला हे शोधाइतकंच मोठं वाटतं.

माझ्या लिनक्स लॅपटॉपवर जॅकचा बफर ६४ सॅम्पलचा आहे. ४८,००० च्या दराने हिशेबाला मिळतात १.३ मिलिसेकंद. चुकले, की कानात कडकड.