वऱ्हाडातील प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच हा वायुभारित सूक्ष्म कोठड्यांमधील विद्युत विसर्जनावर चालणारा सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच होय. महाराष्ट्राच्या वऱ्हाड विभागात, विशेषतः अमरावती व अकोला या शहरांत, २००० ते २०१५ या काळात मोठ्या आकाराचा घरगुती संच म्हणून त्याचा वापर झाला. या तंत्रज्ञानाचे गुणदोष जगभर सारखेच असले, तरी वऱ्हाडातील कडक उन्हाळा, अनियमित वीजपुरवठा, खारे पाणी आणि उशिरा झालेले केबलचे डिजिटलीकरण यांमुळे येथील संचधारकांचा अनुभव थंड प्रदेशातील ग्राहकांच्या अनुभवाहून बराच निराळा ठरला. प्रस्तुत लेखात मुख्यतः या अनुभवाचा विचार केला आहे.

तंत्रज्ञान

प्लाझ्मा पडद्यात काचेच्या दोन पातळ तावदानांमध्ये लाखो सूक्ष्म कोठड्या असतात. त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण भरलेले असते. विद्युदग्रांवर उच्च दाब दिल्यावर वायूचे आयनीभवन होऊन अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण कोठडीच्या आतील लाल, हिरव्या किंवा निळ्या स्फुरदीप्त लेपावर पडून दृश्य प्रकाश निर्माण होतो. प्रत्येक कोठडी स्वतः प्रकाशते, त्यामुळे मागून प्रकाश टाकणारा दिवा लागत नाही. चित्रातील काळा भाग खरोखरच काळ्याच्या जवळ जातो, कडेला बसून पाहिले तरी रंग बदलत नाहीत आणि वेगवान हालचाल पुसट होत नाही. एलसीडी संचांना हे तिन्ही गुण दीर्घकाळ साधले नव्हते.

या पडद्याचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी लावला. त्यांना तो संगणकाधारित शिक्षणाच्या 'प्लेटो' या प्रणालीसाठी हवा होता. घरातील करमणुकीचा विचार तेव्हा नव्हता. ४२ इंची रंगीत संच १९९७ च्या सुमारास बाजारात आले. भारतात एलजी, सॅमसंग व पॅनासॉनिक यांचे संच अधिक प्रचलित होते.

खरेदी

आरंभीच्या वर्षांत ४२ इंची संचाची किंमत लाखाच्या वर होती आणि तो हॉटेले, मंगल कार्यालये व मोजक्या धनिक घरांपुरता मर्यादित राहिला. २०१० च्या आसपास साध्या ४२ इंची संचाची किंमत चाळीस हजारांच्या घरात आली. त्याच आकाराच्या एलसीडी संचापेक्षा ती कमी असे. प्लाझ्माकडे वळलेल्या मध्यमवर्गीय ग्राहकाचे पहिले कारण पुष्कळदा हेच होते. चित्राचा दर्जा त्याला घरी आल्यावर कळला.

अमरावती व अकोला ही विद्यापीठे, महाविद्यालये, शासकीय कार्यालये आणि कापूस बाजार यांवर जगणारी शहरे आहेत. राज्यात २००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी लागू झाल्याने नोकरदारांची मिळकत वाढली. पगारदार पतसंस्थांचे कर्ज व दुकानातील शून्य टक्के व्याजाचे हप्ते हे खरेदीचे दोन परिचित मार्ग होते. यांपैकी बँकांच्या शून्य टक्के योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये मनाई केली. शेतकरी कुटुंबांची मोठी खरेदी मात्र कापसाच्या वेचणीशी, म्हणजे दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांशी बांधलेली असते. २०१०-११ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता आणि बाजारातील भाव त्याच्या दुपटीच्या आसपास पोहोचला. हंगाम सरताना क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा भरली. १२ मार्च २०११ रोजी भारत-दक्षिण आफ्रिका सामना नागपूरजवळील जामठा येथे झाला. कापसाचा पैसा आणि क्रिकेटचा हंगाम असे एकाच वेळी जुळून येणे वऱ्हाडात विरळाच.

परदेशातून येताना सामानासोबत सपाट पडद्याचा संच आणण्याचीही पद्धत होती. २६ ऑगस्ट २०१३ पासून अशा संचांना शुल्कमुक्त सामानाच्या सवलतीतून वगळण्यात आले आणि हा मार्ग महाग झाला.

दुकानात संच निवडताना एक अडचण सर्वांनाच येई. दुकानातील प्रखर उजेडात प्लाझ्माचा पडदा फिका व आरशासारखा चकाकणारा दिसतो, तर शेजारचा एलसीडी संच झगझगीत दिसतो. घरातील मंद प्रकाशात नेमके उलट घडते. म्हणजे ज्या जागी निर्णय घ्यावा लागे, तेथेच हा संच सर्वांत वाईट दिसत असे. बोलीभाषेत तर कोणत्याही सपाट संचाला 'प्लाझ्मा' आणि पुढे 'एलसीडी' म्हणण्याचा प्रघात पडला. त्यामुळे घरात नेमका कोणता संच आहे, हे काही कुटुंबांना तो पहिल्यांदा दुरुस्तीला निघाला तेव्हाच समजले.

उन्हाळा आणि कूलर

अकोला हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील व अमरावतीतील पारा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसवर जाणे नित्याचे आहे. बहुतेक प्लाझ्मा संचांच्या माहितीपुस्तिकेत मात्र सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असे. वरच्या मजल्यावरील स्लॅबच्या खोलीत दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाई. त्यातच संच स्वतः दोन-तीनशे वॅट उष्णता खोलीत सोडत असे. भिंतीला चिकटवून किंवा लाकडी शोकेसच्या कप्प्यात घट्ट बसवून ठेवलेल्या संचाला याचा त्रास अधिक होई, कारण पाठीमागची हवा खेळती राहत नसे.

गंमत अशी की, वऱ्हाडी उन्हाळा या संचाला एका बाबतीत अनुकूलही होता. येथे चैत्र-वैशाखात सकाळी दहाच्या सुमारास दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून घर अंधारे करण्याची रीत आहे. प्लाझ्माच्या चित्राला असाच अंधार लागतो. परिणामी तापमानाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असलेल्या दुपारीच त्याचे चित्र सर्वोत्तम दिसे. सुटीत घरी जमलेली मुले आणि पाहुणे हा संच नेमका याच वेळी तासन्‌तास चालू ठेवत.

खोली थंड ठेवण्याचे सार्वत्रिक साधन म्हणजे पाण्यावर चालणारा कूलर. त्यामुळे तापमान उतरते, पण हवेतील दमटपणा वाढतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण फार असते आणि असे पाणी वापरलेल्या कूलरच्या ताट्यांवर थोड्याच दिवसांत पांढरा थर चढतो. कूलरच्या झोताबरोबर उडणारे तुषार संचापर्यंत पोहोचले, तर क्षार त्याच्या आतील मंडलांवर बसू शकतात. प्लाझ्माच्या विद्युदग्रांना पुरवठा करणाऱ्या मंडलांत सुमारे दोनशे व्होल्टचा दाब असतो. दमट क्षार आणि धूळ यांच्या थरातून तेथे वीज गळण्याचा धोका कमी दाबाच्या मंडलांपेक्षा जास्त असतो. म्हणून कूलर व संच समोरासमोर न ठेवणे आणि पाठीमागील जाळी कोरड्या कुंच्याने साफ करणे, ही खबरदारी येथे अन्य कोणत्याही सूचनेपेक्षा मोलाची ठरे.

वीज

प्लाझ्मा संच किती वीज घेतो हे चित्रावर अवलंबून असते. अंधारातील प्रसंग असलेल्या चित्रपटाला ती कमी लागते. उन्हात खेळल्या जाणाऱ्या क्रिकेट सामन्याला, जेथे सारा पडदा उजळलेला असतो, सर्वाधिक लागते. ४२ इंची संचाचा सरासरी वापर २५० वॅट धरला, तर रोज पाच तासांप्रमाणे महिन्याला सुमारे ३७ युनिट होतात. २१ इंची जुन्या काचनळीच्या संचाला ८० वॅट धरल्यास हाच आकडा १२ येतो. फरक २५ युनिटांचा असला, तरी महावितरणची दररचना टप्प्यांची आहे. शंभर युनिटांच्या आत राहणारे कुटुंब या २५ युनिटांमुळे १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात जाऊ शके. उन्हाळ्यात कूलर असतोच. तेव्हा बिल वाढण्याचे खापर कोणावर फोडायचे, हा घरातील वादाचा विषय होई.

याहून गंभीर प्रश्न भारनियमनाचा होता. जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्या सुमारास महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. पुढे वीजगळती व वसुलीच्या प्रमाणानुसार भागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरवले जात. ज्या भागात गळती अधिक, तेथे अंधारही अधिक. त्यामुळे नियमित बिल भरणाऱ्या संचधारकालाही आपल्या वस्तीच्या गळतीची शिक्षा भोगावी लागे. अकोला जिल्ह्यातच पारस येथे औष्णिक वीज केंद्र असून त्याचे २५० मेगावॅटचे दोन नवे संच २००८ ते २०१० या काळात कार्यान्वित झाले, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पंखे-दिव्यांसाठी घेतलेला लहान इन्व्हर्टर प्लाझ्माचा भार पेलू शकत नसे. पेलला तरी बॅटरी लवकर उतरे. सामना रंगात आला असताना वीज गेली, तर चाळीस हजारांचा संच बंद आणि शेजारचा जुना चौदा इंची संच इन्व्हर्टरवर सुरू, अशी स्थिती येई. वीज परत येताना दाब एकदम वाढण्याची भीती असे, म्हणून स्टॅबिलायझर लावणे व प्लग काढून ठेवणे ही सवय झाली. मृगापूर्वीच्या वादळी पावसात केबलची तारही काढून ठेवावी लागे, कारण विजेचा धक्का त्या वाटेनेही संचात शिरतो.

चित्र आणि ठसे

मोठा पडदा घरात आला, तरी त्यावर दाखवायचे चित्र पुष्कळ काळ जुनेच राहिले. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ अखेर, राज्यातील नागपूर, पुणे, नाशिक, औरंगाबाद आदी शहरे होती. अमरावती व अकोला तिसऱ्या टप्प्यात आली आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. तोवर प्लाझ्माचे उत्पादनच थांबले होते. केबलवर अवलंबून असलेल्या संचधारकाने त्यामुळे आपल्या संचाच्या उमेदीचा बहुतेक काळ मुंग्यांचे अॅनालॉग चित्र पाहण्यात घालवला. ज्यांनी छतावर डीटीएचची तबकडी बसवून उच्च स्पष्टतेच्या वाहिन्या घेतल्या, त्यांनाच संचाची खरी ताकद दिसली.

जुने प्रक्षेपण ४:३ या प्रमाणात असे, तर पडदा १६:९ चा. चित्र मूळ आकारात ठेवले, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहत. ताणले, तर माणसे बुटकी व रुंद दिसत. सौंदर्यदृष्टी असलेल्या प्रेक्षकाला पट्टे पत्करणे योग्य वाटे, पण प्लाझ्मात तेच धोक्याचे होते. पडद्यावरील एखादा भाग दीर्घकाळ स्थिर राहिला, तर तेथील स्फुरदीप्त लेप असमान झिजतो आणि त्याचा ठसा कायम राहतो. कडेचे पट्टे, वाहिनीचे बोधचिन्ह, धावफलक आणि वृत्तवाहिन्यांच्या तळाची बातम्यांची पट्टी हे त्याचे नेहमीचे कारण. दिवसभर एकच मराठी वृत्तवाहिनी चालू ठेवणाऱ्या कार्यालयातील किंवा उपाहारगृहातील संचाला घरगुती संचापेक्षा हा दोष लवकर जडतो. तात्पुरता ठसा मात्र पूर्ण पडद्याचे हलते चित्र काही तास चालवल्यावर बहुधा जातो. पहिल्या शंभर तासांत तीव्रता कमी ठेवावी आणि दुकानातील भडक मांडणी बदलावी, हा जाणकारांचा सल्ला सर्वांपर्यंत पोहोचला नाही.

उंचावर प्लाझ्मा संच गुणगुणतो, अशी ख्याती आहे. बाहेरील हवेचा दाब कमी झाल्याने हे होते, परंतु त्यासाठी साधारण दीड-दोन हजार मीटरची उंची लागते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर असल्याने तेथेही ही तक्रार सहसा संभवत नाही. वऱ्हाडात ऐकू येणारी गुणगुण बहुधा संचाच्या वीजपुरवठा मंडलाची असे.

भिंत

काचेच्या तावदानांमुळे ४२ इंची संचाचे वजन २५ किलोच्या आसपास वा अधिक असे आणि वाहतुकीत तो उभाच ठेवावा लागे. वऱ्हाडातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे घरांच्या भिंतींना तडे जाणे सर्वपरिचित आहे. मातीच्या जुन्या भिंतींवर किंवा अर्ध्या विटेच्या आडभिंतीवर असा संच टांगणे जोखमीचे होते. बरेच संच म्हणूनच त्यांच्या पायांवर, टेबलावरच राहिले.

दुरुस्ती व अखेर

पॅनासॉनिकने ऑक्टोबर २०१३ मध्ये प्लाझ्मातून माघार जाहीर केली. २०१४ मध्ये सॅमसंग व एलजी यांनी तोच मार्ग धरला. त्यानंतर सुटे भाग मिळणे कठीण होत गेले. वीजपुरवठा मंडलातील फुगलेले कपॅसिटर बदलणे स्थानिक मेकॅनिकला जमते. पडद्याला स्पंद पुरवणारी, मेकॅनिकांच्या भाषेत 'वाय-सस' व 'झेड-सस' म्हटली जाणारी मंडले बिघडली, तर ती मोडीत निघालेल्या दुसऱ्या संचातून मिळवावी लागतात. काच तडकली किंवा 'पॅनेल गेले', तर दुरुस्ती परवडत नाही.

चालू स्थितीतील संच एचडीएमआय जोडणीद्वारे स्ट्रीमिंग उपकरणाला जोडून वापरता येतो. ४२ इंची साध्या संचाची प्रत्यक्ष स्पष्टता १०२४ × ७६८ बिंदूंचीच असल्याने नव्या 4के चित्राचा लाभ त्याला मिळत नाही. तरीही रात्री दिवे मालवून चित्रपट पाहताना तो आजच्या स्वस्त एलईडी संचांपेक्षा सरस ठरतो. निकामी संच १ मे २०१२ पासून ई-कचरा नियमांच्या कक्षेत आला व तो अधिकृत यंत्रणेकडेच देणे अपेक्षित आहे. सुरुवातीच्या पडद्यांच्या काचेत शिशाची संयुगे असल्याने तो फोडून भंगारात विकणे घातक आहे.