स्पर्धाविरोधी व्यवहाराची तक्रार

उत्पादक, व्यापारी, ठेकेदार किंवा त्यांच्या संघटनांनी आपसांत संगनमत करून, अथवा एखाद्या बलाढ्य उद्योगाने बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर करून स्पर्धेला बाधा आणल्यास त्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे करावयाचा अर्ज. त्याचा आधार स्पर्धा अधिनियम, 2002 मधील कलम 19 हा आहे. त्यापूर्वी 1969 चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम लागू होता. त्याचा रोख मुख्यतः उद्योगसमूहांच्या आकारावर होता. नव्या कायद्याने मोठे असणे हा दोष मानला नाही. मोठेपणाच्या किंवा एकजुटीच्या बळावर इतरांची वाट अडवणे हा दोष मानला. आयोगाची स्थापना 2003 मध्ये झाली. मात्र संगनमत व वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे 3 व 4 प्रत्यक्षात लागू झाली ती 20 मे 2009 रोजी. आयोगाचे मुख्यालय नवी दिल्लीत असून राज्यांना स्वतंत्र आयोग नाहीत. 2021 मध्ये चेन्नईत प्रादेशिक कार्यालय सुरू झाले. अर्ज देशातील कोणत्याही भागातून करता येतो. तो ग्राहक आयोगातील तक्रारीच्या किंवा दिवाणी दाव्याच्या धाटणीने लिहिला, की बहुधा पहिल्याच टप्प्यावर गळतो. आपले किती नुकसान झाले हे सांगण्यापेक्षा बाजाराचे काय बिघडले हे दाखवणे, हे या अर्जाचे खरे काम आहे. आणि अर्जदाराने एवढे दाखवल्यावर उरलेला पुरावा शोधणे हे तपासयंत्रणेचे काम आहे.

कायद्याची घडणच या मताला आधार देते. मूळ कलमात 'तक्रार' मिळाल्यावर चौकशी करण्याची तरतूद होती. 2007 च्या दुरुस्तीने तिथे 'माहिती' आली. त्यामुळे अर्जदार पक्षकार कमी आणि खबर देणारा अधिक ठरतो. तरीही 2020 च्या मे महिन्यात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीसेवांच्या प्रकरणात असे म्हटले, की ज्याच्या हक्काला स्वतः बाधा पोहोचली आहे त्यानेच अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने समीर अग्रवाल प्रकरणात त्याच वर्षी 15 डिसेंबरला हे मत खोडून काढले. कोणतीही व्यक्ती माहिती देऊ शकते, कारण आयोगाची कार्यवाही सार्वजनिक हितासाठी असते, असा त्या निकालाचा गाभा आहे. त्या अर्जदाराचा हक्क मान्य झाला, पण त्याचे गुणवत्तेवरचे म्हणणे टिकले नाही. दार सर्वांना उघडे असणे आणि आत गेल्यावर मुद्दा सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यायालयाने त्या वेगळ्याच ठेवल्या हे उत्तम झाले.

एकाच गाऱ्हाण्याची मांडणी कशी बदलावी लागते, हे गुरगावच्या बेलेअर गृहप्रकल्पाच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. पाच इमारती, प्रत्येकी 19 मजले, एकूण 368 सदनिका असे ठरले असताना विकासक डीएलएफने मजले 29 वर आणि सदनिका 564 वर नेल्या. पैसे आधी भरलेले, करारातील अटी एकतर्फी. एखादा खरेदीदार एवढे घेऊन ग्राहक आयोगाकडे गेला असता तर सेवेतील त्रुटीची भरपाई मागता आली असती. रहिवाशांच्या संघटनेने स्पर्धा आयोगापुढे वेगळा प्रश्न ठेवला: गुरगावमधील उच्चभ्रू घरांच्या बाजारात या विकासकाचे स्थान इतके वरचढ आहे का, की ग्राहकाला असल्या अटी मुकाट्याने मान्य कराव्या लागतात? आयोगाने होकारार्थी निष्कर्ष काढून ऑगस्ट 2011 मध्ये 630 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बिल्डरांविरुद्धचे कितीतरी अर्ज मात्र आयोगाने तपासाविना बंद केले, कारण त्या त्या शहरात तोलामोलाचे अनेक विकासक होते आणि कोणा एकाचे वर्चस्व दिसत नव्हते. त्या खरेदीदारांची फसवणूक खोटी होती असे यातून निघत नाही. त्यांचा मार्ग दुसरा होता, एवढेच निघते. म्हणून वर्चस्वाचा आरोप करणाऱ्याने आधी बाजाराची हद्द आखावी: कोणती वस्तू किंवा सेवा, कोणता भूभाग, आणि ग्राहकाला पर्याय कोणते.

संगनमताच्या प्रकरणात हद्द आखण्याचे ओझे हलके होते. किमती ठरवणे, पुरवठा आवळणे, बाजार वाटून घेणे आणि निविदांत साटेलोटे करणे या चार प्रकारांत स्पर्धेवर विपरीत परिणाम झाला असे कायदाच गृहीत धरतो. ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोप झालेल्यांवर येते. महाराष्ट्रात ज्याला ठेकेदारांची 'रिंग' म्हणतात तो यातला चौथा प्रकार. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबाबत नागरिक चेतना मंच या पुण्यातील संस्थेने 2015 मध्ये आयोगाकडे माहिती दाखल केली. मंच निविदेत उतरलेला नव्हता, महापालिकेचा ठेकेदारही नव्हता. करदात्यांच्या पैशाचा प्रश्न होता. ज्याला काम मिळवायचे त्याने स्पर्धा झाल्याचा देखावा उभा करण्यासाठी इतरांकडून डमी निविदा भरून घेतल्या, हे तपासात उघड झाले. तपास सुरू झाल्यावर काही निविदाकारांनी कबुली देऊन कलम 46 खालची दंडसवलत मागितली, आणि मे 2018 मध्ये आयोगाने दंडाचा आदेश दिला. बाहेरच्या संस्थेला आतल्या फोनची वा व्यवहारांची खबर असणे शक्यच नव्हते. तिने संशयास जागा दाखवली. कुलूप तपासाने उघडले.

गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या प्रकरणात संगनमताला संघटनेच्या नियमांचे रूप आले होते. औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा असेल तर स्थानिक संघटनेचा ना हरकत दाखला आणावा लागे. घाऊक व किरकोळ विक्रीतील नफ्याची टक्केवारीही संघटनाच ठरवी. दाखला न घेता व्यवसायात उतरणाऱ्याचा माल बंद. वारका ड्रगिस्ट अँड केमिस्ट आणि इतरांची तक्रार जुन्या मक्तेदारी आयोगाकडून नव्या आयोगाकडे आली आणि जून 2012 मध्ये आयोगाने या प्रथा बेकायदा ठरवून गोव्याच्या संघटनेला दंड केला. पुढे अखिल भारतीय संघटनेवरही असाच आदेश निघाला. अशा प्रकरणांत छापील परिपत्रक, बैठकीचे इतिवृत्त, माल थांबवल्याचे पत्र हाती लागते, कारण संघटनेला सभासदांवर धाक ठेवायचा तर काहीतरी लिहावेच लागते. छोट्या व्यापाऱ्याने असे कागद जपून ठेवले तर निम्मे काम झाले.

निविदांतील रिंग मात्र कागद ठेवत नाही, आणि इथेच पुराव्याचा प्रश्न अवघड होतो. भारतीय अन्न महामंडळाला धान्य किडीपासून वाचवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागतात. मे 2009 च्या निविदेत तीन उत्पादकांनी किलोला नेमका 388 रुपये हाच दर भरला. तिघांचे कारखाने वेगळे, खर्चाचे गणित वेगळे, तरी दर रुपयालाही हलला नाही. महामंडळाच्या प्रमुखांच्या 2011 मधील पत्रावरून आयोगाने तपास लावला, 2012 मध्ये दंड केला आणि एक्सेल क्रॉप केअर प्रकरणात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. याच न्यायालयाने पुढच्याच वर्षी राजस्थान सिलिंडर्स प्रकरणात उलट निष्कर्ष काढला. घरगुती गॅसच्या सिलिंडरांसाठी इंडियन ऑइलने काढलेल्या निविदेतही दर सारखे होते, आणि निविदा भरण्याच्या तोंडावर उत्पादकांची मुंबईतील एका हॉटेलात बैठकही झाली होती. पण खरेदीदार मोजून तीन सरकारी कंपन्या, त्यांचीच किमतीवर पकड, आणि मागच्या दरांची सर्वांना कल्पना. अशा बाजारात दर जवळ येण्यास संगनमतच लागते असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले की अर्जदाराला काय करायचे ते कळते. दर सारखा आहे एवढे लिहून थांबू नये. या बाजारात तो संगनमताशिवाय सारखा असण्याचे कारण नाही, हे दाखवावे: खर्चातील फरक, कारखान्यांचे अंतर, आधीच्या वर्षांतील दर, आळीपाळीने मिळालेली कामे, एकाच वळणाच्या चुका असलेले निविदाअर्ज.

आयोगासमोरचा पहिला टप्पा कलम 26 चा. प्रथमदर्शनी प्रकरण दिसल्यास आयोग महासंचालकांना तपासाचा आदेश देतो, न दिसल्यास प्रकरण बंद करतो. स्टील अथॉरिटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले, की तपासाचा आदेश प्रशासकीय स्वरूपाचा आहे. त्याने कोणाचा दोष ठरत नाही, म्हणून त्याआधी समोरच्याला ऐकून घेण्याचे बंधन नाही. हा उंबरठा कमी उंचीचाच राहिला पाहिजे. साक्षीदारांना शपथेवर तपासणे, दप्तर मागवणे, परवानगी घेऊन झडती घेणे हे अधिकार महासंचालकांना आहेत; अर्जदाराकडे यातले काहीही नाही. अशा माणसाकडून पहिल्याच दिवशी पक्का पुरावा मागणे म्हणजे तपासाची गरजच नाकारणे होय. मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात 2011 मधील मूळ अर्ज तीन कंपन्यांविरुद्ध होता. तपासात तीच प्रथा इतरांकडेही आढळली आणि ऑगस्ट 2014 मध्ये 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड झाला. सुटे भाग व दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना न मिळू देण्याची पद्धत एवढ्या कंपन्यांत पसरली आहे, हे एका नागरिकाने कसे सिद्ध करायचे होते?

यावर मोठा आक्षेप असा, की उंबरठा कमी उंचीचा ठेवला तर प्रतिस्पर्धी कंपन्या आयोगाचा हत्यारासारखा वापर करतील. धंद्यात जे साधले नाही ते अर्जाने साधतील. ही भीती निराधार नाही. पण प्रतिस्पर्ध्याचा हेतू स्वार्थी असला म्हणून त्याची खबर खोटी ठरत नाही. मुंबईतील एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजने 2009 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराविरुद्ध अर्ज केला, तेव्हा त्याचा व्यावसायिक स्वार्थ उघडच होता. चलन वायद्यांच्या व्यवहारांवर शुल्कच न आकारता नव्या स्पर्धकाला तग धरू न देण्याच्या त्या धोरणाची झळ दुसऱ्या कोणाला इतक्या लवकर कळणार होती? 2011 मध्ये आयोगाने 55.5 कोटी रुपयांचा दंड केला. खोट्या माहितीसाठी कायद्यात दंड आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही वरील 2020 च्या निकालात या संरक्षणाकडे बोट दाखवले आहे. शिवाय अर्जाला शुल्क पडते: व्यक्ती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था किंवा न्यासाला 5,000 रुपये, कंपन्यांना उलाढालीप्रमाणे अधिक. सामान्य माणसासाठी ही रक्कम किरकोळ नाही. आक्षेपातील रास्त भाग एवढाच, की तपासाच्या नुसत्या बातमीनेही कंपनीची पत खाली येते. त्यावर उपाय तपास वेळेत संपवणे हा आहे. अर्जदाराला दारातच अडवणे हा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, अर्जदाराला छदामही मिळत नाही, मग त्याने एवढी यातायात का करावी? याला कायद्याचे उत्तर अर्धेच आहे. उल्लंघन सिद्ध झाल्यावर कलम 53एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, पण अपिले संपेपर्यंत कित्येक वर्षे जातात. गोळ्यांच्या निविदेपासून अखेरच्या निकालापर्यंत आठ वर्षे गेली. तोवर माल तोडलेले छोटे दुकान टिकेलच असे नाही. कलम 33 खाली आयोग अंतरिम आदेश देऊन चालू प्रथा थांबवू शकतो, आणि ज्याचा धंदा रोज बुडतो आहे त्याने ही मागणी मूळ अर्जासोबतच करावी. पुरवठादाराच्या किंवा संघटनेच्या रोषाची धास्ती असणाऱ्याला आपली ओळख गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. मात्र चार दुकानांच्या गावात तक्रार कोणी केली हे नाव झाकूनही कळते, आणि तिथे ग्राहक संघटनेने किंवा सहकारी संस्थेने पुढे होणेच श्रेयस्कर.

व्यवहारातल्या काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. 2023 च्या दुरुस्तीने अर्जाला तीन वर्षांची मुदत घातली. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. गुप्त संगनमत कळायलाच कधी कधी त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे माफीची ही सवलत आयोगाने सढळ हाताने वापरली पाहिजे. दूरसंचारासारख्या क्षेत्रात तांत्रिक मुद्दे आधी क्षेत्रीय नियामकाने तपासावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भारती एअरटेल प्रकरणात ठरवले; तिथे नियामकाचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वी केलेला अर्ज अकाली ठरू शकतो. प्रकरण पहिल्याच टप्प्यावर बंद झाले तर त्या आदेशाविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे 60 दिवसांत अपील करता येते. तपासाचा आदेश निघाल्यावर अर्जदाराने माघार घेतली तरी तेवढ्याने प्रकरण आपोआप संपत नाही. बाजारात काय घडले, याची चौकशी आयोग पुढे चालू ठेवू शकतो.