मेमरी कार्डची सुसंगतता
मेमरी कार्डची सुसंगतता म्हणजे एखाद्या भ्रमणध्वनी किंवा कॅमेऱ्यास आपल्या खाचेतील कार्ड वाचता येणे व त्यावर लिहिता येणे. कार्ड खाचेत बसले म्हणजे ते चालेलच असे नाही. मायक्रोएसडी कार्डाचा आकार (१५ × ११ मिमी) सर्व पिढ्यांत एकच राहिला, क्षमतेचे मानक मात्र बदलत गेले.

एसडी मानक १९९९ मध्ये मात्सुशिता (पॅनासॉनिक), सँडिस्क व तोशिबा यांनी मांडले. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी, २००६ च्या एसडीएचसीची ३२ जीबी, तर २००९ च्या एसडीएक्ससीची २ टीबी आहे. नवे उपकरण जुने कार्ड वाचते. याउलट घडेल याची शाश्वती नसते. एसडीएक्ससी कार्डावरील एक्सफॅट ही मांडणी अनेक जुन्या फोनांना वाचता येत नाही. असा फोन कार्ड ‘फॉरमॅट’ करण्यास सुचवतो. ते मान्य केल्यास कार्डातील छायाचित्रे नाहीशी होतात. म्हणून आधी संगणकावर नक्कल घेणे आवश्यक ठरते.

मराठवाड्यातील गावोगावी मोबाइल दुकानांतून गाणी, कीर्तने भरून घेतलेली कार्डे साध्या बटणांच्या फोनांत वापरली जात आली आहेत. अशा अनेक फोनांची मर्यादा ३२ जीबी असते व ती पुस्तिकेत दिलेली असते.

बनावट कार्डांवर छापलेली क्षमता खऱ्याहून अधिक असते. खरी जागा संपल्यावरही फोन फायली साठवल्याचे दाखवतो, पण त्या पुढे उघडत नाहीत. नवे कार्ड पूर्ण भरून सर्व फायली पुन्हा उघडून पाहिल्यास हा प्रकार लक्षात येतो.