माहीमचा वेढा

दर्याचा खारा वारा आणि माडांखाली सुकणाऱ्या बोंबलांचा वास. साल 1853. मुंबईतली पहिली आगगाडी यंदाच ठाण्याला निघायची आहे, पण माहीमला तिचं कुणाला पडलंय! सेंट मायकलच्या देवळाचं दार आतून बंद आहे. बिशप अनास्तासियस हार्टमान, पोपच्या बाजूचे, मूळचे स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी, आपल्या माणसांसह आत कोंडून बसलेत. बाहेरून वेढा घातलाय तोही कॅथलिकांनीच.

खरा कोण, खोटा कोण, हे तुम्हाला चटकन ठरवायचं असतं. जमणार नाही. इथल्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला हक्क दिला तो पोपनंच. त्याला म्हणतात पाद्रोआदो. 1720मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्री काढून कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. 1838मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरींनी एका पत्रानं तो हक्क बराचसा छाटला, तर गोव्याच्या, म्हणजे पोर्तुगालच्या, बाजूचे पाद्री ते पत्रच मानायला तयार नाहीत. दोन्ही तट लॅटिनमध्ये तीच मिस्सा म्हणतात, तेच सायबिणीचे, म्हणजे मारियामातेचे, सण पाळतात.

गर्दीच्या कडेला लुगड्यातली एक म्हातारी बसलीय, मांडीवर नातू. त्याच्या बाप्तिस्म्याची तिला काळजी नाही. तो कुणीही दिला तरी लागतो. तिला घोर लागलाय पापनिवेदनाचा. अधिकार नसलेल्या पाद्रीनं दिलेली क्षमा लागू होत नाही, असं दोन्हीकडून बजावलं जातंय. आणि अधिकार कुणाला, यावरच तर वेढा पडलाय! विद्वानांचा वाद येतो तो या बाईच्या झोपेवर.

तुम्ही पुढचं जाणता. सरकार मध्ये पडून देऊळ गोव्याच्या बाजूला देईल. मे महिन्यात पोप नववे पायस त्याच बाजूच्या पाद्रींना फुटीर ठरवतील. दुहेरी कारभार मिटायला 1928 उजाडेल. तिला यातलं काय सांगणार?

“मावशी, मग तुम्ही कुणाच्या?”

“रोज सांजेला घरात जपमाळेचा तेर्स होतो, तो कुठं बंद पडलाय?” ती नातवाच्या अंगावरची माशी हाकलते. “आणि मरणाच्या घडीला कुठलाबी पाद्री पाप सोडवू शकतो, चर्चचाच कायदा हाय. जो आधी पोचंल, त्याला आत घ्या म्हणून पोराला सांगून ठेवलंय.”