आठवी पासची अट

मोटार वाहन कायद्याचा इतिहास म्हटलं की ऐकणाऱ्याला जांभई येते. पण मालट्रक कोणी चालवायचा, हा प्रश्न आपल्याकडे पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि त्याच्या प्रत्येक उत्तरावर कित्येक घरांची चूल अवलंबून राहिली आहे. आज मला बोलायचं आहे ते अशाच एका छोट्या अटीबद्दल.

देशभर लागू होणारा पहिला मोटार कायदा 1914 सालचा. 1939 मध्ये तो सविस्तर झाला. साधी गाडी चालवायला वयाची 18 वर्षं, तर मालाची किंवा प्रवाशांची गाडी चालवायला 20 वर्षं पूर्ण हवीत, असा फरक त्यात होता. पण ड्रायव्हर खरा घडायचा तो ट्रकवरच. चौदा-पंधरा वर्षांचं पोर क्लीनर म्हणून, आपल्याकडच्या बोलीत ‘किन्नर’ म्हणून, गाडीवर चढायचं. काच पुसणं, ताडपत्री बांधणं, पंक्चर काढणं, घाटात चाकामागे दगड लावणं ही त्याची शाळा. उस्तादाची मर्जी बसली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती यायचं. हे सगळं कायद्याला धरून होतं असं मी म्हणणार नाही. पण देशाचा माल वाहिला तो याच पोरांनी.

1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याने उमेदवारीला शिस्त लावली. आधी हलक्या वाहनाचा परवाना, तो किमान वर्षभर वापरल्यावरच व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला आठवा नियम सांगू लागला, की असा परवाना मागणारा इयत्ता आठवी उत्तीर्ण असला पाहिजे. जुने परवाने चालू राहिले. अट आडवी येत होती ती नव्याने येणाऱ्याला.

अटीमागचा हेतू वाईट नव्हता. रस्त्यावरची पाटी वाचता यावी, मालाची कागदपत्रं कळावीत, एवढीच अपेक्षा. पण शाळा सुटलेल्या मुलाला ज्या थोड्या कामांत बरे पैसे मिळू शकत, त्यातलंच एक काम या अटीने बंद केलं. मग आडवाट निघाली. शाळा सोडल्याचा दाखला ‘मिळवून देणारा’ माणूस कोणत्या नाक्यावर बसतो, हे या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नसे. ज्याच्याकडे त्याला द्यायला पैसे नसत, तो बाहेर राही.

2019 साली या प्रश्नाला दोन उलटी उत्तरं मिळाली. निरक्षर माणसाच्या हाती वाहन देणं पादचाऱ्यांना धोक्याचं आहे, असं राजस्थान उच्च न्यायालयाने म्हटलं आणि असे परवाने मागे घ्यायला सांगितलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, जूनमध्ये, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आठवीची अट काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. मागणी हरियाणा सरकारची होती. तिथल्या मेवात भागात कित्येक कुटुंबं ड्रायव्हरीवर जगतात. हाताला कसब आहे, पण दाखला नाही. मंत्रालयाने दुसरंही कारण दिलं: देशात सुमारे 22 लाख ड्रायव्हर कमी पडत आहेत. त्याच वर्षी अट गेली.

त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. 2021 पासून मान्यताप्राप्त केंद्रात शिकलेल्याला आरटीओची चाचणी माफ झाली. जड वाहनासाठी तिथे 38 तासांचं शिक्षण ठरलं. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो. विमा कंपन्यांचं म्हणणं वेगळं होतं. पण अशा चालकांमुळे अपघात वाढतात, हे दाखवणारी आकडेवारी आपल्यासमोर आलेली नाही, असं न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे दार रुंद झालं. ते व्हायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. आठवीचा दाखला घाटातला उतार शिकवत नाही. पण दार रुंद करताना आतली परीक्षा सैल झाली, तर त्याची किंमत रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस देतो. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. म्हणून दाखला नको, पण 38 तास खरोखर 38 भरले पाहिजेत.

आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. दार उघडलं, तरी आत यावंसं कोणाला वाटतं? मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम, असं नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा कायदा सांगत असे. लांब पल्ल्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला हे सांगून पहा, तो हसेल. जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली आणि आपल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर न कळवता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या तरतुदीचा तो धसका होता. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर तुरुंग, अशी त्यांची कैफियत होती. सरकारने ते पोटकलम तूर्त अमलात आणलं नाही. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकची केबिन वातानुकूलित हवी, असा नियम आला. इंजिनाच्या धगीजवळ बसणाऱ्याला गारवा हवा, हे नियमात यायला किती दशकं लागली पहा!

परवान्याच्या अटी बदलायला एक अधिसूचना पुरते. पण ट्रकवर आयुष्य काढलेल्या माणसाने ‘माझा मुलगाही हेच काम करील’ असं आनंदाने म्हणावं, यासाठी पगार, झोप आणि मान या तिन्हींची तजवीज करावी लागते. ड्रायव्हरांची टंचाई खऱ्या अर्थाने संपली का, हे मी त्या एका वाक्यावरूनच ओळखीन.