बंगळूरमधला वाहता द्रव आणि एमआरआयमधला काळा पट्टा

महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णाच्या एमआरआय प्रतिमेत झडपेच्या पुढे पुष्कळदा एक काळा पट्टा दिसतो. तेथे रक्त असते, ते वेगाने वाहतही असते; हरवलेला असतो तो केवळ संकेत. हा काळोख रोगाचा की यंत्राचा? या प्रश्नामागे सत्तरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे एक आरंभीचे पान बंगळूरमध्ये लिहिले गेले.

१९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे प्रयोग स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. अवघ्या पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांचा वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावरचा निबंध ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये आला. रेडिओलहरींच्या सततच्या माऱ्याने स्थिर द्रवातील अणुकेंद्रे संपृक्त होतात. अधिक ऊर्जा शोषण्याची त्यांची क्षमता उरत नाही आणि संकेत क्षीण होतो. द्रव वाहू लागला की तारेच्या वेटोळ्यात ताजी अणुकेंद्रे येत राहतात व संकेत पुन्हा बळावतो. म्हणजे संकेतातच गतीची खूण उमटते. माझ्या अभ्यासक्रमात ब्लॉख होते, पर्सेल होते; सूर्यन हे नाव मला पुढे संशोधन करताना एका संदर्भसूचीत भेटले. ही खंत अजून गेलेली नाही.

१९५९ मध्ये जे. आर. सिंगर यांनी अनुस्पंदनाने उंदराच्या शेपटीतील रक्तप्रवाह मोजला. १९८२ मध्ये पॉल मोरन यांनी प्रतिमेत वेग नोंदवण्याची रीत मांडली. चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका दिशेने उतार द्यायचा, लगेच तितकाच उलट. स्थिर केंद्राची कला, म्हणजे त्याच्या फिरत्या काट्याची जागा, पूर्ववत होते. सरकलेल्या केंद्राचा काटा मात्र वेगाच्या प्रमाणात पुढेमागे राहतो.

शांत प्रवाहात ही रीत उत्तम चालते. प्रक्षुब्ध प्रवाहात मात्र काही घन मिलिमीटरांच्या एकाच व्हॉक्सेलमध्ये असंख्य वेग नांदतात. प्रत्येक काटा निराळ्या दिशेला वळतो, बेरीज शून्याकडे जाते आणि पडद्यावर काळोख पसरतो. पण वेगांचा विखुरलेपणा जितका अधिक, तितकी ही घट अधिक. मग काळोखच मोजला तर? स्वीडनमधील लिन्शोपिंग विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्ये नेमके हेच केले: संकेताच्या घटीवरून व्हॉक्सेलमधील वेगांचे प्रमाण विचलन काढले.

तरी शंका उरतेच. शरीरातला खरा प्रवाह कोणालाच ठाऊक नसतो. मग मापन बरोबर आले हे ताडायचे कशाशी? येथे संगणकीय सदृशीकरण कामी आले. २०१० मध्ये स्वेन पीटर्सन आणि सहकाऱ्यांनी मध्येच अरुंद झालेल्या नळीतील प्रवाहाचे मोठे भोवरे संगणकावर प्रत्यक्ष सोडवले, त्यांत असंख्य काल्पनिक कण सोडले, आणि प्रत्येक कणाच्या वाटेवर त्याच्यासोबत प्रवास करत ब्लॉख यांची १९४६ ची समीकरणे सोडवली. शेजारी खरी नळी खऱ्या यंत्रात ठेवली होतीच. संकेताची घट आणि प्रतिमेतील भुताटकी छाया दोन्हीकडे दिसल्या. वेग आणि विचलनही चांगले जुळले. माझ्या मते या छाया उमटणे आकडे जुळण्याइतकेच मोलाचे आहे, कारण यंत्राचे दोषही गणितातून बाहेर आले.

रुग्णाला याचे काय? आज दवाखान्यात डॉप्लरने वेग मोजून त्याच्या वर्गाची चौपट करतात: सेकंदाला ४ मीटर वेग असेल तर दाबातील फरक पाऱ्याचे ६४ मिलिमीटर. या वेगापासून पुढे झडपेचा आजार तीव्र मानतात. परंतु झोताची सारीच गतिज ऊर्जा वाया जात नाही. काही दाब पुढे महाधमनीत परत मिळतो. उरलेली ऊर्जा भोवऱ्यांत विरून उष्णता होते, आणि हृदयाला खरा भुर्दंड पडतो तो तिचाच. तिचा अंदाज बांधण्याची वाट त्या काळ्या पट्ट्यातूनच जाते.