पेन्शनीतला भात

‘वर्षासन’ हा शब्द आपण ‘वर्ष’ आणि ‘आसन’ असा फोडून मोकळे होतो. मुळात तो ‘वर्षाशन’. अशन म्हणजे जेवण. पेशवाईत शास्त्री-पंडितांना दरवर्षी जी नेमणूक मिळे, तिच्या नावातच वर्षभराचं अन्न होतं. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना मिळे ती बालपरवेशी. ‘परवेशी’ फारसी ‘परवरिश’वरून आलेली, म्हणजे पालनपोषण. दप्तरातल्या रुक्ष नोंदीत एवढा मायेचा शब्द क्वचितच सापडतो.

ही परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. कामावर असताना मरण पावलेल्यांच्या बायकामुलांना ‘भक्तवेतन’ द्यावं, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. इथला ‘भक्त’ देवाचा नव्हे. भक्त म्हणजे अन्न. प्राकृतात त्याचं भत्त झालं आणि आपल्या ताटात भात. ‘भत्ता’ही याच कुळातला मानतात. पेन्शनीच्या हिशेबात ‘महागाई भत्ता’ लिहिताना कारकून नकळत भातच वाढत असतो.

‘पेन्शन’चं मूळ मात्र तराजूत आहे. लॅटिनमध्ये ‘पेंडेरे’ म्हणजे तोलणं. धातू तोलून देणं चुकतं करत, म्हणून देण्यालाही तेच क्रियापद लागलं. स्पॅनिश ‘पेसो’ही त्याच घरातला. १८१८ साली शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला ईस्ट इंडिया कंपनीने वर्षाला आठ लाखांचं पेन्शन बांधून दिलं. १८५१ मध्ये तो वारला आणि दत्तकपुत्र नानासाहेबाला ते नाकारलं गेलं. देणाऱ्याची मर्जी फिरली की बंद होणारी गोष्ट, असा पेन्शनचा अर्थ तेव्हा होता.

‘निवृत्तिवेतन’ त्याहून पक्का शब्द. ‘निवृत्ति’ म्हटलं की मराठी मनाला ज्ञानदेवांचे थोरले बंधू आठवतात, परमार्थ आठवतो. पण शब्दाचा भार ‘वेतन’वर आहे. काम थांबलं तरी हे वेतनच. १७ डिसेंबर १९८२ रोजी पेन्शनरांच्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं : पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे.

म्हणूनच पुढचा शब्द खटकतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनात, जिल्हा परिषदांत नव्याने लागलेल्यांसाठी जी योजना आली, तिचं नाव होतं ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’. संस्कृतात दान म्हणजे नुसतं देणं असेल. मराठी कानाला ते पुण्यासाठी सोडून दिलेलं धन वाटतं. ग्रामीण शाळेतल्या शिक्षकाच्या पगारातून अंशदान म्हणून दरमहा दहा टक्के कापले जातात, ते त्याने कुणाला दान केलेले नाहीत. ते त्याच्या म्हातारपणीच्या भाताचे आहेत. २०२३ च्या मार्चमधल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घुमली. त्यात ना अंशदान होतं, ना परिभाषित.

आपल्याकडे ‘वाटा’ हा शब्द आहे. शेतातला वाटा, घरातला वाटा. तो मागताना कुणी हात पसरत नाही. शासनाने ‘अंशदान’ काढून तिथे ‘वाटा’ लिहावं.